बारा टिपणांतला नवरा

वाचनालयाच्या आसावरीबाईंना दर जानेवारीत काहीतरी सुचतं. एका वर्षी त्यांनी सभासदांना प्रवासवर्णनं वाचायला लावली, एका वर्षी नाटकं. यंदा त्यांच्या नजरेत सभासदांच्या पोटांचे घेर भरले असावेत, कारण उपक्रमाचं नाव होतं ‘वाचा आणि हला’. बारा महिन्यांत बारा पुस्तकं वाचायची, सगळी व्यायामावरची. चालणं, श्वास, मल्लखांब, पोहणं, डोंगर चढणं, गुडघे, जे मिळेल ते. महिनाअखेरीस वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक टिपण टाकायचं आणि त्यात दोन गोष्टी लिहायच्या. वाचलं काय, आणि केलं काय.

योगिनीचा यात खरं तर काही संबंध नव्हता. तिच्या मुलीने, क्षिप्राने, टिटवाळ्याच्या सासरी बसून फोनवरच बाबांचं नाव नोंदवून टाकलं. सुदेशला आदल्या नोव्हेंबरात हार्ट अटॅक येऊन गेला होता. दोन स्टेंट बसले होते आणि रोज चाळीस मिनिटं चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दवाखान्यातून घरी आल्यावर सुदेश जो हॉलमधल्या खुर्चीत बसला तो बसलाच. एकसष्ट वर्षांचा माणूस, डोंबिवलीच्या एमआयडीसीत जन्मभर ड्रॉइंगच्या टेबलाशी उभं राहून काम केलेला, आता पाणीसुद्धा हातात मागायचा. बाबा वाचतील तर हलतील, असं क्षिप्राचं म्हणणं. लग्न होऊन गेलेल्या मुलींना माहेरची माणसं लांबून फार सोपी दिसतात.

जानेवारीचं पुस्तक योगिनीने आणून दिलं, चालण्यावरचं. ते तीन आठवडे टीपॉयवर पडून राहिलं. शेवटी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्या तिनेच ते थोडं थोडं वाचून संपवलं. एकतीस तारखेला क्षिप्राचा फोन आला.

"आई, बाबांचं टिपण कुठाय? सगळ्यांची आली. मी बोलू का त्यांच्याशी?"

क्षिप्रा बोलली की सुदेश चिडणार, चिडला की जेवणार नाही, जेवला नाही की गोळ्या चुकणार. त्या दिवशी योगिनीच्या अंगात नवीन भांडण निस्तरायचं त्राण नव्हतं. तिने सुदेशचा फोन उचलला.

"अहो, त्या ग्रुपवर मी टाकते काहीतरी तुमच्या नावाने."

"टाक की," टीव्हीवरची नजर न काढता सुदेश म्हणाला.

पुस्तकाबद्दल तिने चार खरी वाक्यं लिहिली. खाली एक खोटं लिहिलं, की रोज सकाळी वीस मिनिटं चाललो. क्षिप्राने लगेच लाल बदाम पाठवले. घरात भांडण झालं नाही आणि योगिनी त्या दिवशी वेळेवर जेवली.

मग काय, हात बसला. फेब्रुवारीत सुदेश प्राणायाम करू लागला. एप्रिलमध्ये तो साडेपाचला उठून स्वतःचा चहा स्वतः करू लागला. जूनमध्ये त्याने माळ्यावरचे पितळी डबे उतरवून दिले, खांदे मोकळे व्हावेत म्हणून. व्यायाम बाजूला राहून टिपणं हळूहळू स्वयंपाकघरात कशी शिरली, ते ग्रुपवर कुणाच्या लक्षात आलं नाही. ऑगस्टात त्याने मनगटांसाठी चादरी पिळल्या, आणि हा व्यायाम माझी बायको तीस वर्षं करते आहे, हे मला आत्ता कळलं, असंही लिहिलं. त्यावर ग्रुपमधल्या बायका इतक्या विरघळल्या की आसावरीबाईंनी ते टिपण छापून वाचनालयाच्या फलकावर लावलं. योगिनी पुस्तक बदलायला गेली तेव्हा तिथे उभी राहून तिने ते वाचलं. तिला त्या माणसाबद्दल चक्क माया वाटली. मग नवीन पुस्तक, दूध आणि सुदेशच्या महिन्याभराच्या गोळ्या घेऊन ती तीन मजले चढून घरी आली. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

डोंबिवली ते टिटवाळा अंतर ते काय, क्षिप्राला खरं कधीच कळायला हवं होतं. पण सुरुवातीला ती यायची तेव्हा सुदेश पायात मोजे घालून बसलेला असायचा. त्याचे पाय सदा गार पडायचे म्हणून. तिला वाटायचं, बाबा आत्ताच फिरून आले. मेअखेर तिला दिवस गेले, डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि तेही येणं थांबलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बाबांचं आजारपण बघून तिने आपणहूनच सांगितलं होतं की मी सासरीच राहते, तुझ्यावर किती टाकायचं. तेव्हा योगिनीला रडू आलं होतं. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून होणार नाही, यापेक्षा मोठा उणेपणा तिला ठाऊक नव्हता.

आणि नोव्हेंबरात क्षिप्राने फोनवर बॉम्ब टाकला.

"आई, मी पंधरा जानेवारीला येतेय. बाळंतपण आपल्याकडेच. बाबा आता एवढे फिट झालेत, मग काय टेन्शन! ऑक्टोबरचं टिपण मी इथे सासरी मम्मींना वाचून दाखवलं. दोन्ही हातांत किराणा घेऊन तीन मजले, न थांबता! धावपळ बाबा करतील, तू फक्त माझ्याजवळ बस."

"ये गं, ये," योगिनी म्हणाली. दुसरं कुठली आई काय म्हणेल?

फोन ठेवला आणि ती कामांचा हिशेब करू लागली. बाळाची आंघोळ, बाळंतिणीचा शेक, डिंकाचे लाडू, धुण्याचे ढीग, हे सगळं तिने निभावलं असतं, मोडत मोडत का होईना. पण अवेळी कळा सुरू झाल्या तर खाली पळत जाऊन रिक्षा कोण आणणार? पोरीला धरून तीन मजले कोण उतरवणार? क्षिप्रा ज्या माणसाच्या भरवशावर येत होती तो माणूस फोनमध्ये राहत होता. योगिनी रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. रोज काहीतरी निघायचं आणि ती मूग गिळून बसायची.

डिसेंबरचं टिपण पंधरा तारखेलाच द्यायचं होतं. ते गेलं आणि आसावरीबाईंचा फोन आला. सुदेशरावांचा पहिला नंबर. शेवटच्या रविवारी संध्याकाळी कार्यक्रम, शाल-श्रीफळ, आणि त्यांनी दोन शब्द बोलायचे. त्या दुपारी योगिनीने बाराही टिपणं सुदेशसमोर धरली. तो चष्मा लावून एकेक वाचत गेला. कंपनीत नकाशे तपासायचा तसा, मान खाली घालून, तासभर.

"बरा माणूस आहे," वाचून झाल्यावर तो म्हणाला.

"क्षिप्रा त्या माणसाच्या जिवावर येतेय इथे. तिथे सगळ्यांसमोर नको, पण तिला खरं सांगा तुम्ही. मला नाही होत सांगायला."

"बघू," सुदेश म्हणाला. तीस वर्षांच्या संसारात या शब्दाचा अर्थ नाही असाच निघाला होता, तरी योगिनीने आशा धरली.

रविवारी क्षिप्रा डॉक्टरांची परवानगी काढून, आपल्या सासूबाईंना घेऊन गाडीने थेट वाचनालयात आली. सासूबाई म्हणजे सगुणाबाई. टिटवाळ्याजवळच्या गावातल्या जुन्या आगरी घरातल्या, शेतावर इमारती उभ्या राहिल्या तरी अजून पहाटे उठून घरच्या भाकऱ्या स्वतः थापणाऱ्या. सुदेशला खाली उतरायला वीस मिनिटं लागली होती, पण ते बघायला तिथे कुणी नव्हतं. क्षिप्राने त्याला रिक्षातून उतरताना पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. सात महिन्यांचं पोट सावरत ती पहिल्या रांगेत बसली.

नाव पुकारलं. सुदेश उठला, हळू चालत माइकपाशी गेला.

"चालण्याने माणूस बदलतो," सुदेश म्हणाला. "मी पहाटे साडेपाचला उठतो. चहा माझा मी करतो."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी त्याच्या पाठीचा पोक गेला. वर्षभरात योगिनीने त्याला इतकं ताठ उभं पाहिलं नव्हतं. त्याने चादरी सांगितल्या, माळ्यावरचे डबे सांगितले आणि शेवटी ऑक्टोबरचा किराणा सांगितला, दोन्ही हातांत, तीन मजले, न थांबता. बिचाऱ्याने एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"मम्मी, बघा, मी म्हटलं होतं ना!" क्षिप्रा सासूला म्हणाली.

ते ऐकलं आणि योगिनी उभी राहिली. उभं राहायचं तिने ठरवलं नव्हतं.

"ती टिपणं मी लिहिली आहेत," ती म्हणाली. "बाराही. पुस्तकंही मीच वाचली. हे वर्षभरात जिना उतरले ते फक्त डॉक्टरकडे जायला, आणि आज. चहासुद्धा हातात लागतो यांना. क्षिप्रा, तू यांच्या भरवशावर येऊ नकोस गं. मला एकटीला नाही झेपणार."

मागच्या रांगेत कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवायला घेतल्या आणि थांबवल्या. आसावरीबाई उलगडलेली शाल हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. सुदेश माइक धरून खाली बघत होता. शेवटी तो व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून आला आणि दाराकडे चालू लागला, शाल न घेता.

क्षिप्राच्या गाडीतून सगळे घरी आले. जिन्यात पहिल्या वळणावर एक प्लास्टिकचं स्टूल होतं. सुदेश त्यावर बसला.

"हे इथे कुणी ठेवलं?" क्षिप्राने विचारलं.

"खालच्या मजल्यावरच्यांनी, यांच्यासाठी. गणपतीपासून आहे," योगिनी म्हणाली. "प्रत्येक वळणावर आहे."

क्षिप्रा कठड्याला टेकली. "आई, तू वर्षभर मला फसवलंस."

"हो."

"आणि बाबा, तुम्ही? एवढी पुस्तकं घरात आली. एकदा तरी खाली उतरून बघायचंत!"

सुदेशने गुडघ्यांवर हात ठेवले. "मला इथेच आला होता अटॅक," तो म्हणाला. "याच वळणावर. जिना बघितला की छातीत धडधडतं. वाटतं, परत येणार. पाय दुखतात, असं सांगत आलो सगळ्यांना. मला भीती वाटते गं."

भीतीचं हे योगिनी पहिल्यांदाच ऐकत होती. वर्षभर ती त्याला मनातल्या मनात आळशी म्हणत आली होती. तिला त्याची दया आली, अगदी पोटातून आली. पण जवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवावा, एवढंही बळ तिला गोळा करता येईना. ती वरच्या पायरीवर उभी राहिली आणि तो उठण्याची वाट बघू लागली.

घरात शिरल्या शिरल्या ती चहाला वळली, तर सगुणाबाईंनी तिच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

"बसा तुमी. च्या करतंय मी."

योगिनी हॉलमधल्या दिवाणावर टेकली. आत सगुणाबाई डबे उघडून साखर शोधत होत्या. उठून डबा दाखवावा, असं तिच्या मनात आलं आणि तेवढ्यात तिचा डोळा लागला. बसल्या बसल्या, सगळ्यांच्या देखत, पाहुण्यांच्या चहाच्या वेळेला.

जाग आली तेव्हा समोरच्या कपावर साय धरली होती. क्षिप्रा तिच्याकडेच बघत होती. तिचा राग गेला नव्हता, पण आवाज उतरला होता.

"मी टिटवाळ्यालाच राहते, आई. ठरलं आमचं."

योगिनीला वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी खांद्यांवरची गोणी कुणीतरी उतरवून घ्यावी तसं तिला हलकं वाटलं, आणि या हलकेपणाची तिला लाज वाटली. लेकीचं पहिलं बाळंतपण गेलं आणि आई सुटकेचा श्वास टाकते. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"इहीनबाई, तुमी पण चला आमचे घरा," सगुणाबाई म्हणाल्या. "आताच. चार दिस नुसत्या निजा. कोन उठवनार नाय तुमाला."

"अहो, असं कसं! लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या सासरी मुक्काम करू नये म्हणतात."

"बोलनाऱ्या बाया येनार हाईत का तुमचे चादरी पिलायला?"

योगिनीने सुदेशकडे पाहिलं. "आणि यांचं कोण बघणार?"

सुदेश त्याच्या खुर्चीत होता. त्याने बराच वेळ मोजे वर ओढले, मग खाली सरकवले.

"माझं मी बघतो," तो म्हणाला. "कुकर लावता येतो मला."

येत नव्हता. योगिनीला हे पुरतं माहीत होतं. असली वाक्यं तिने वर्षभर स्वतःच्या हाताने लिहिली होती, त्यांची किंमत तिच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? तिचा त्यावर काडीइतका विश्वास बसला नाही. ती उठली, कपाटावरची बॅग खाली काढली आणि तिच्यात दोन साड्या आणि टॉवेल टाकला. गोळ्यांचा डबा फ्रिजवर आहे आणि तांदूळ खालच्या कप्प्यात, एवढं त्याला सांगून ती सगुणाबाईंच्या मागोमाग जिना उतरू लागली.