नऊ इंचांची वीत

“अहो, दार उघडत नाहीये!” बाहेरून व्यायामाच्या बाईंचा आवाज आला.

उघडणार कसं? मी आणि आमच्या ह्यांनी नुकतीच खालची लांब फळी भिंतीला टेकवून धरली होती आणि तिचं टोक चौकट ओलांडून थेट दारावर गेलं होतं. ह्यांनी फळी मागे सरकवायला पाहिली, तर ती पलीकडच्या कोपऱ्यात अडली. शेवटी आम्ही ती खाली ठेवली, तेव्हा कुठे बाई आत आल्या. त्यांच्यामागे काठी टेकत हॉर्न आले. हॉर्न एके काळी बस चालवायचे. आवाज असा की खोलीतल्या सगळ्या पेशंटांनी मिळून त्यांना हे नाव दिलं होतं.

“फळी लांब झालीय,” मी म्हटलं.

“भिंत आखूड असेल,” हे म्हणाले. एरवी असं काही बोलले की ते आधी स्वतःच हसतात. आज हसले नाहीत.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला असलेली ही व्यायामाची खोली. आठ महिन्यांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही इथे येतो. बाई व्यायाम शिकवतात. पाय बराचसा परत आला. हात येतोय, पण रुसलेल्या पाहुण्यासारखा, दोन पावलं पुढे आणि एक मागे. खोली तशी चांगली, फक्त सामान सगळं जमिनीवर. डंबेल्स, वाळूच्या पिशव्या, गुंडाळलेल्या गाद्या, रबरी पट्टे, मोठाले चेंडू. मागच्या महिन्यात हॉर्न एका डंबेलला अडखळून पडता पडता वाचले, तेव्हा बाई ह्यांना म्हणाल्या, “मिस्त्री, एक साधी लाकडी मांडणी करून द्याल का?”

आठ महिन्यांत ह्यांना ‘मिस्त्री’ म्हणून कुणी काही सांगितलं नव्हतं. ‘पेशंट’ म्हणूनच सांगायचे. हे लगेच “देतो की” म्हणाले, आणि मला आनंद झाला तितकीच धास्तीही वाटली.

धास्ती हाताची नव्हती. हात तर सगळ्यांना दिसत होता. झटका आला त्या आठवड्यात ह्यांना आमच्या मुलीचं नाव आठवेना. पुढे आठवलं, सगळं आठवलं. पण तेव्हापासून हे रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून पाढे म्हणतात. सतराचा, एकोणिसाचा, एकोणतिसाचा. पाण्याच्या आवाजात मला ऐकू येत नाही, अशी त्यांची समजूत. मी रोज दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहते आणि मनातल्या मनात बरोबर म्हणते. एकोणतीस सत्ते जरा लांबलं की माझ्या छातीत धस्स होतं. याबद्दल आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. चाळीस वर्षं संसार केला की न बोलण्याचीही एक पद्धत बसते.

मांडणीचा आराखडा मात्र मजेत झाला. ह्यांनी कागदावर जड वस्तू खाली आणि हलक्या वर अशी काढली. सुताराचा नेम तसाच. बाईंनी कागद पाहिला, एक डंबेल जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या, “उचला बरं.” हे वाकले आणि तसेच राहिले. वर यायला बाईंचा खांदा धरावा लागला.

“आलं लक्षात,” हे म्हणाले. “इथे वाकणारी माणसंच नाहीत.”

मग डंबेल्स मधल्या फळीवर आले, हात सोडला की पोचेल अशा उंचीला. ते घरंगळू नयेत म्हणून पुढे पट्टी आणि फळीला मागे किंचित उतार. खाली गाद्यांचा खण. वर चेंडू. बाजूला पट्टे अडकवायला खुंट्या. वजन मधे आल्यामुळे मांडणी पुढे कलू नये म्हणून मागून भिंतीला आवळायची. काही तरी सुचतंय या आनंदात हे घरी जाईपर्यंत बडबडत होते.

गेल्या मंगळवारी ह्यांनी माप घेतलं. माप म्हणजे वीत. आमच्या ह्यांची वीत बरोबर नऊ इंच, हे सगळ्या वखारींना ठाऊक आहे. टेप वापरणं म्हणजे ह्यांच्या मते चष्मा लावून घास तोंडात घालणं. मी शिवणकाम करणारी. माझ्या पर्समध्ये टेप नसेल तर मला घराबाहेर पडल्यासारखंच वाटत नाही. आमची यावरून जन्मभर जुंपलेली. ह्यांनी भिंतीवर, खिडकीखाली, गादीवर उजव्या हाताने विती टाकल्या, नवाने गुणलं, आकडे वखारीत कळवले. वखारवाल्याने मशीनवर फळ्या कापून टेम्पो थेट इस्पितळात पाठवला.

आणि आता ही फळी दारात.

“दुसरी लावून बघू,” हे म्हणाले. बाजूची उभी फळी लावली, तर ती खिडकीच्या कट्ट्याच्या वर चांगली वीतभर दिसायला लागली. गाद्यांच्या खणातली मधली फळी उभी केली आणि शेजारी गुंडाळलेली गादी ठेवली. फळी तिच्याही वर.

“मिस्त्री, घोड्याचा तबेला बांधताय का?” हॉर्न गरजले.

कुणी हसलं नाही. हे बाकावर बसले होते. चेहरा असा उतरला होता की मला बघवेना. डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवत ते हळूच मला म्हणाले, “एकही बरोबर नाही गं. एक चुकलं तर समजू शकतो. सगळंच?” मग आणखी हळू, “मला वाटतच होतं.”

काय वाटत होतं, ते मी विचारलं नाही. मला काय वाटतंय ते त्यांनी विचारलं असतं, तर मी तिथेच रडले असते. रडण्यापेक्षा काही तरी करावं म्हणून मी पर्समधून टेप काढला.

“जागा मोजते मी. तुम्ही नुसते ऐका.”

“काय उपयोग?”

“उपयोग माझा टेप बघेल. भिंत साठ इंच. फळी...” मी वाकले. “बहात्तर.”

मी खिडकीशी गेले.

“खिडकीचा कट्टा पंचेचाळीस. तुमची फळी चौपन्न. गादी साडेबावीस. मधली फळी सत्तावीस.”

“पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं. ह्यांचे ओठ हलायला लागले. रोज सकाळी बाथरूमच्या दाराआड हलत असतील तसेच.

“साठाचे बहात्तर,” हे पुटपुटले. “पंचेचाळिसाचे चौपन्न. साडेबावीसचे सत्तावीस. अगं, हे सगळे पाचाचे सहा झालेत. सगळे! एकाच हिशेबात!” ते उठून उभे राहिले, काठी न घेता. “माझी वीत मोज.”

ह्यांनी उजवा पंजा फळीवर ठेवला आणि होता तेवढा ताणला. मी अंगठ्याच्या टोकापासून करंगळीपर्यंत टेप धरला. दोनदा पाहिलं.

“साडेसात.”

“साडेसात!” हे एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावली. “आठ विती भरल्या भिंतीला. मी आठ नव्वे बहात्तर केले. आठ नव्वे बहात्तरच! गुणाकार बरोबर आहे. हात आखडलाय, म्हणून विती जास्त भरल्या. हात चुकला गं. डोकं नाही!”

माझा जीव असा भांड्यात पडला की मला खाली बसावंच लागलं, त्याच बहात्तर इंची फळीवर. आठ महिने धरून ठेवलेला श्वास सुटला आणि त्याच्याबरोबर डोळेही वाहायला लागले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तूही?” त्यांनी विचारलं.

“मग? एकोणतीस सत्ते दोनशे तीन,” मी म्हटलं.

ते हसले. आधी स्वतःच, नेहमीसारखे.

बाईंनी तेवढ्यात ह्यांची फाइल आणली. “मिस्त्री, साडेसात माझ्याकडेही लिहिलंय. मी दर महिन्याला मोजते. तुम्ही विचारलं नाहीत, मला काय माहीत तुम्ही यानेच भिंती मोजता? आणि हे बघा, पहिल्या महिन्यात पाच होती.”

“पाच?” हे म्हणाले. “मग नशीब तेव्हा काम नाही दिलंत. तुमची खोली फोडावी लागली असती.”

“लांब झालेली फळी कापता तरी येते,” मी म्हटलं.

“हे मी म्हणणार होतो,” हे म्हणाले. “पण खुणा तू कर. तुझ्या टेपने.”

चाळीस वर्षांत एवढा मोठा मान मला मिळाला नव्हता. मी खुणा केल्या. ह्यांनी डाव्या हाताने करवत धरली आणि उजव्या हाताला फळी दाबून ठेवायचं काम दिलं. तो ते करत होता. हॉर्न दुसऱ्या टोकाला बसले, वजन म्हणून, आणि करवत थांबली की सूचना देत राहिले. मशीनवर दोन मिनिटांचं काम, आम्हाला दुपार लागली. बाई दोनदा म्हणाल्या, राहू द्या, वखारीत पाठवू. हे ऐकायला तयार नव्हते आणि मीही त्यांना थांबवलं नाही.

मांडणी उभी राहिली तेव्हा दार पूर्ण उघडत होतं. हॉर्न सगळ्यांत आधी पुढे झाले आणि न वाकता एक डंबेल उचलून त्यांनी तो परत जागेवर ठेवला. डंबेल उतारावरून मागे सरकून स्थिर झाला. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे फार झालं.

निघताना ह्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि मांडणीच्या बाजूच्या फळीवर, सहज हात पोचेल अशा उंचीला, पंजा टेकवून अंगठ्याशी आणि करंगळीशी एकेक रेघ ओढली. मग माझ्याकडून टेप मागून घेतला आणि अंगठ्याच्या रेघेपासून बरोबर नऊ इंचांवर तिसरी रेघ मारली. आता दर मंगळवारी व्यायाम झाला की ते तिथे पंजा लावतात. परवा करंगळी आठ इंचांच्या आसपास टेकली. दोन-चार जणांनी शेजारी आपापल्या रेघा ओढल्यात. बाईंनी त्या पुसू दिल्या नाहीत.

सकाळी मी अजून टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी उभी राहते. सवयच लागली आहे. आतून फक्त पाण्याचा आवाज येतो.