मुंगीची सही

तिने कागदाची गुंडाळी तिसऱ्यांदा उलगडली, वरून खाली वाचली, खालून वर वाचली आणि स्वतःशीच हसली. खारीची सही नव्हती.

पादचारी पुलाच्या कठड्यामागे लोहचुंबकाने चिकटवलेली ही करंगळीएवढी डबी तिनेच लपवली होती. जिओकॅशिंगच्या खेळात एकाने डबी लपवायची आणि जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर टाकायचे. इतरांनी ती शोधायची, आतल्या कागदावर सही करायची, होती तशी परत ठेवायची आणि मगच फोनवर ‘सापडली’ म्हणायचं. सही नाही तर नोंद नाही. डबी ज्याची, त्याला अशी नोंद खोडण्याचा हक्क.

खार म्हणजे तिची धाकटी नणंद. ती स्वतः मुंगी. नकाशे काढायच्या कचेरीत तिच्या चिकाटीवरून पडलेलं नावच तिने खेळातही ठेवलं होतं. बाळ होण्याआधी गावात मुंगीच्या पुढे कुणी नव्हतं. आता बाळ आठ महिन्यांचं, रजा लांबलेली, आणि बाबागाडीचं चाक जिथे अडेल तिथे तिचं जग संपायचं. त्यात बाळाला वारा लागेल का, मधमाशी चावेल का, हा घोर. नणंद मात्र तीन वाजता लॅबमधून सुटली की सायकलवर टांग टाकून मोकळी. मुंगी सापडलेल्या चारशे नव्व्याण्णव डब्यांवर रेंगाळत राहिली आणि रविवारी खारीने पाचशे गाठले. तेही वहिनीच्याच डबीवर! ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. मुंगीनेही दातओठ खात फुलांचं चित्र पाठवलं होतं.

संध्याकाळी नणंद घरी आली. जमिनीवर आडवी होऊन तिने बाळाला पोटावर बसवलं. ते मेलं तिच्याकडे गेलं की खिदळत सुटायचं.

“रविवारी पुलावरच्या कागदावर सही केलीस का गं?” मुंगीने कपड्यांच्या घड्या घालत सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नाही जमली. पेनच उमटेना. डबी हातात होती पण.”

“मग मला फोटो पाठवायचास.”

“अगं, घरचीच डबी! राहून गेलं.”

“घरची म्हणून नियम वेगळा? उद्या लोक म्हणतील, वहिनीने पाठीशी घातलं.”

आतून सासूबाई ओरडल्या, “माझी गोळ्यांची डबी सकाळपासून सापडत नाहीये. ती शोधा कुणीतरी, पायाच्या अंगठ्यानेसुद्धा सही करीन!”

नणंद हसली. मग वहिनीकडे बघत काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. बाळाचं लाळेरं सारखं करत एवढंच म्हणाली, “खोड मग. तुझा हक्क आहे.”

तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मुंगीने नोंद खोडली. दुसऱ्या दिवशी पोस्टामागच्या भिंतीतली सोपी डबी तिने बाबागाडी ढकलत जाऊन शोधली. पाचशे! फोन दुपारभर वाजत राहिला. खारीचाही निरोप आला, ‘अभिनंदन, वहिनी!’ या उद्गारचिन्हात टोमणा आहे का, हे मुंगी बराच वेळ निरखत बसली.

तेवढ्यात ग्रुपवर काकांचा निरोप दिसला. रिटायर झालेले फिटर, पाण्याच्या टाकीच्या शिडीवरची डबी त्यांची. ‘मुंगीताईंनी चांगला पायंडा पाडला. माझाही कागद भरलाय. उद्या सकाळी बदलतो. फोनवर नोंद आणि कागदावर सही नाही, अशी सगळी नावं खोडणार.’

मुंगीने आपली टाकीवरची नोंद उघडली. दोन महिन्यांपूर्वी ती टाकीखाली उभी होती. वरच्या टप्प्यावर डबी दिसत होती, स्वच्छ दिसत होती. पण बाळाने टाहो फोडलेला. त्याला खाली एकटं सोडून चढायचं कसं? घरी येऊन तिने लिहून टाकलं होतं, ‘सापडली. सुरेख जागा.’

सकाळी बाळाला सासूबाईंच्या मांडीवर देऊन ती काकांच्या आधी टाकीवर पोचली. कुठेतरी फटीत आपलं नाव घुसडायचं, बस्स. अठरा पायऱ्या. तिने टप्प्यावर बसून धापा टाकत कागद उलगडला.

तिची सही तिथे होती.

‘मुंगी’, खाली तीन ठिपके. तिच्या खोट्या नोंदीची तारीखसुद्धा. वरच्याच ओळीत खारीची सही, पाच दिवसांनंतरची. शाई दोन्हींची एकच.

म्हणजे पोरगी इथे चढली होती, वहिनीचं नाव नाही हे तिने पाहिलं होतं आणि गपचूप लिहून टाकलं होतं. परवा बोलता बोलता थांबली ती यावरच! एका वाक्यात वहिनीला गप्प करता आलं असतं. मुंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाने जिचा हेवा करायचा ती निदान वाईट तरी असावी ना! सायकल तिची, पाय मोकळे तिचे, बाळ हसणार तिच्याकडे बघून, आणि मोठं मनही तिचंच?

कागद असाच ठेवला तर कुणाला काही कळणार नव्हतं. आज ती खरोखर वर चढली होती, डबी हातात होती, आजची तारीख घालूनही सही करता आली असती. पण आज ती शोधायला कुठे आली होती? ती लपवायला आली होती.

तिने त्या नावावर आडवी रेघ मारली, नकाशावरची चुकीची वाट खोडतात तशी सरळ. मग फोन काढला. जुनी नोंद पुसून तिथे लिहिलं, ‘सापडली नाही. बाळ रडत होतं. वर चढलेच नव्हते.’ आकडा एकने उतरला. मग तीही उतरली.

खाली काका नवा कागद घेऊन उभे होते.

“अरे वा, मुंगीताई! पाचशे झाले म्हणे! पेढे कुठायत?”

“नाही काका. चारशे नव्व्याण्णव.”

“असं कसं? सगळे तर म्हणतायत...”

“वर जाऊन बघा. रेघ मी मारलीय.”

काकांनी चष्मा खिशात घातला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शिडी भिंतीत सिमेंटने पक्की बसवलेली होती, हलायचा प्रश्नच नव्हता. तरी ते वर पोचेपर्यंत तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.