संगं न्यायचा माणूस

"अँटिप्लेटलेट्स स्टॉप्ड, फाइव्ह डेज. करेक्ट?" सिस्टरनं फॉर्मवर पेन टेकवून विचारलं.

नागेंद्रनं चष्मा नाकावर खाली ओढला, फॉर्म खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "हं." मग जरा थांबून, "येस, येस. ऑल सीन."

"साइन हियर."

त्यानं सही ठोकली. सही झोकदार, खाली दोन रेघा आणि एक टिंब. स्ट्रेचरवर हिरव्या गाऊनमध्ये पडलेला मारुतीराव कौतुकानं बघत होता. अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं ऑपरेशन होतं, पण गड्याच्या तोंडावर काळजी म्हणून नव्हती.

"आपला नागू हाय म्हणून निवांत हाय बग," तो बायकोला म्हणाला. अंबुबाईनं मान हलवली.

सिस्टर मंगळुरूकडची. तिला मराठी येत नव्हतं, आणि खिशाला पेन लावलेला माणूस बघून तिनं आपलं इंग्रजीच चालवलं होतं. आता ती दुसऱ्या सिस्टरकडे वळली आणि कन्नडमध्ये म्हणाली, पेशंटची रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद आहे, घरच्यांनी लिहून दिलंय, घ्या आत.

बेळगावात जन्म काढलेल्या माणसाला कन्नड कळायला कष्ट पडत नाहीत. नागेंद्रला शब्द न् शब्द कळला.

रक्त पातळ करायची गोळी म्हणजे ती गुलाबी. दोन वर्षांपूर्वी मारुतीरावाच्या हृदयात स्प्रिंग बसवली तेव्हापासून रोज रात्री एक. बंद कुठली व्हायला? शनिवारी सांबऱ्याला, मारुतीरावाच्या गावी जाताना त्यानं स्वतःच तर नवी पट्टी नेऊन दिली होती!

स्ट्रेचरची चाकं कुरकुरत निघाली. नागेंद्र दोन पावलं मागोमाग गेला आणि थांबला.

आता हा नागेंद्र म्हणजे कोण, तर मारुतीरावाचा चुलतभाऊ, बेळगावच्या बस स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरचा नोकर. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. पण स्टॉलवर खिशात मावणाऱ्या पुस्तकांची एक माला यायची, 'चारचौघांत चमका' नावाची. शेअर बाजारात चमका, कोर्टात चमका, डॉक्टरसमोर चमका. सगळा विनोदाचा मामला. पहिल्याच पानावर छापलेलं असायचं: 'हे वाचून तुम्हाला काही कळणार नाही, पण कळत नाही, हेही कुणाला कळणार नाही.' नागेंद्र वाचायचा आणि एकटाच खो खो हसायचा.

मग एकदा निपाणीला पुतणीची सोयरीक बघायला गेला असताना त्यानं गंमत म्हणून पाहुण्यांच्या वखारीत तंबाखूचं पान हातात घेतलं, हुंगलं आणि म्हणाला, "यंदा वास जरा मागं पडलाय." वखारीतली जाणती माणसं गप्प झाली, आणि एक जण तर "बरोबर बोललासा" म्हणाला. झालं! त्या दिवसापासून गंमत संपली आणि धंदा सुरू झाला. तलाठ्याकडं जायचंय, नागेंद्रला संगं घ्या. वकिलाकडं जायचंय, नागेंद्र कुठाय? दवाखान्यात तर त्याच्याशिवाय कुणी पायरी चढेना. डॉक्टरवाल्या पुस्तकातला नियम त्याला पाठ होता: रिपोर्ट उजेडाकडे धरा, 'हं' म्हणा, आणि डॉक्टरनं काही विचारलं की 'ते बघितलंय आम्ही' म्हणून मोकळे व्हा.

मागच्या आठवड्यात तपासणीला मारुतीरावाबरोबर तोच आला होता. डॉक्टर भराभर इंग्रजीत बोलले, त्यानं 'हं' केलं, 'बघितलंय' म्हटलं. सगळं तिथंच ठरलं होतं. आज फक्त सही झाली.

"वैनी," तो कसाबसा म्हणाला, "अण्णाची ती गुलाबी गोळी... काल दिलीसा?"

"दिली की! रोज देतोय न्हवं? चुकवून कसं चालंल?"

 नागेंद्र बाकावर बसला, उठला, परत बसला. रक्त थांबणार नाही. पोट उघडलं की वाहत राहील. नसेलही तसं! डॉक्टर लोक बघत असतील की स्वतः, एवढी मशिनं काय शोभेला आहेत? आणि आत्ता जाऊन सांगायचं तरी काय? सांबऱ्यात त्याला 'या, बसा' होत होतं ते कशाच्या जोरावर? लग्न नाही, जमीन नाही, स्टॉलसुद्धा दुसऱ्याचा. हा मान तेवढा एक होता, तोही कागदाचा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाऊजी, घाम किती आलाय तुमाला," अंबुबाई म्हणाली. "पानी आनू?"

ती पाणी आणायला उठली आणि नागेंद्रला ते बघवेना. तो पळतच सुटला. ऑपरेशनच्या खोलीच्या दारावर त्यानं दोन्ही हातांनी थापा मारल्या.

"ए, ए! हुच्चा इदियेनू?" वॉर्डबॉय धावून आला. वेडा आहेस काय!

"डॉक्टरला बोलवा! थांबवा म्हणावं! मी खोटं सांगितलंय!"

दार उघडलं. तोंडावर मास्क असलेले डॉक्टर बाहेर आले आणि चिडून इंग्रजीत काहीतरी म्हणाले. नागेंद्रच्या तोंडी तो 'हं' आलाच होता. त्यानं तो गिळला.

"डॉक्टर, मला इंग्लिश कळत न्हाय. मघाशी बी कळलं न्हवतं, गेल्या आठवड्यात बी न्हाय. रक्त पातळ करायची गोळी चालू हाय. काल रात्री सुदीक घेतलीया."

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला.

"मग तेव्हा हो कशाला म्हणालात?" ते मराठीत म्हणाले. स्वच्छ मराठीत. त्यांना मराठीत विचारून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "पाठीत भुलीची सुई घालणार होतो आम्ही, दोन मिनिटांत! तिथं रक्त साचलं असतं तर माणूस कायमचा पांगळा झाला असता, कळतंय का तुम्हाला?"

"न्हाय," नागेंद्र म्हणाला. "मला कायच कळत न्हाय."

हे सगळं अंबुबाई पाण्याची बाटली हातात धरून मागं उभी राहून ऐकत होती. औषधं घेऊन वर आलेला तिचा पोरगा सौरवही. सौरव काकाच्या खिशाच्या पेनाकडं बघत राहिला.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं. मारुतीरावाला परत खोलीत आणलं. हृदयाच्या डॉक्टरांना फोनवर विचारून ऑपरेशनचे डॉक्टर स्वतः समजावून सांगायला आले. नागेंद्र सवयीनं पुढं झाला, पण ते त्याला ओलांडून अंबुबाईसमोर जाऊन उभे राहिले.

"रक्त पातळ करायची गोळी आजपासून बंद."

"म्हंजे कंची? गुलाबी?"

"दाखवा बघू. हो, हीच."

"किती दिस?"

"मी सांगेपर्यंत."

"बंद केल्यावर त्या स्प्रिंगला काय हुईल?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. शाळेचं तोंड न बघितलेली बाई एकेक विचारत होती, कळलं नाही की परत विचारत होती, आणि तिला त्यात काडीची लाज वाटत नव्हती. दाराजवळ उभा राहून नागेंद्र ऐकत होता. त्यालाही आज पहिल्यांदा सगळं कळत होतं.

डॉक्टर गेले. सौरव रिक्षा बघायला खाली गेला. रात्रीपासून उपाशी असलेला मारुतीराव डोळे मिटून पडला होता. अंबुबाईनं पिशवीतून जेवणाचा डबा काढला, दोन ताटल्या काढल्या, एक मारुतीरावाला, एक नागेंद्रला. आणि मग हात तसाच ठेवून, वर न बघता म्हणाली,

"भाऊजी, आमच्या ज्योतिबाच्या येळंला दवाखान्यात तुमीच आत जाऊन आलता."

ज्योतिबा म्हणजे सौरवचा थोरला भाऊ. चार वर्षांपूर्वी ताप मेंदूत गेल्याचं निमित्त होऊन वारला. बावीस वर्षांचा.

"त्या डाक्टरनं काय सांगिटलं, ते तुमाला कळलंतं काय?"

 त्या दिवशी डॉक्टर बराच वेळ बोलले होते. दोनदा काहीतरी विचारलंही होतं. नागेंद्रला त्यांचा चेहरा आठवत होता, कागदावर टेकवलेलं बोट आठवत होतं, शब्द एक आठवत नव्हता. आत्ता हो म्हणाला असता तर या माउलीला रात्री झोप लागली असती. त्यालाही लागली असती कदाचित.

"न्हाय वैनी," तो म्हणाला. "कळलं न्हवतं."

मारुतीरावानं डोळे उघडले नाहीत, पण त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं उतरत होतं.

 अंबुबाईनं एका ताटलीत भात कालवला आणि नवऱ्याला उठवून बसवलं. दुसरी ताटली तिनं हातात घेतली, पदरानं पुसली, दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसली, आणि परत पिशवीत ठेवून दिली.