मी काही दाबून ठेवलेलं नाही

मी टाकी बोलतेय. हो, हीच, शिशाच्या कपाटात खालच्या फळीवर बसलेली. उंची वीतभर, अंग अॅल्युमिनियमचं, पोटात धातूची करडी भुकटी. सगळे मला बुटकी म्हणतात. म्हणोत बापडे! पण चोर म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

माझं काम हायड्रोजन वायू साठवण्याचं. नुसता कोंबायचा नाही, बरं का! माझी भुकटी त्याला कणाकणात मुरवून घेते. तेव्हा अंग असं तापतं की हात लावायची सोय नाही. मग बाहेरून ऊब दिली की घेतलेला सगळा मी परत सोडते.

मला घडवलं ताईंनी. प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताईच म्हणतात, प्रमुख असलेले साहेबसुद्धा. माझ्या भुकटीसाठी त्या तीन वर्षं खपल्या. घरचे म्हणायचे, "त्या डबीशीच लग्न लाव आता!"

पण आत हायड्रोजन नेमका कुठे बसतो, ते दिसणार कसं? एक्स-रेत माझा धातू तेवढा दिसे. न्यूट्रॉनचं उलटं. ते धातूतून सहज पार होतात आणि हायड्रोजनपाशी अडखळतात. जिथे हायड्रोजन, तिथे चित्रात काळं. म्हणून मला न्यूट्रॉनच्या केंद्रात नेलं. आधी रिकाम्या पोटी माझं एक चित्र काढलं. मग ताईंना धास्ती वाटली, दुसऱ्या गटाच्या टाक्यांत ही मिसळली तर? त्यांनी प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीवर 'बुटकी' लिहिलं आणि माझ्या पाठीवर खालच्या बाजूला तिचे चांगले तीन पदर चिकटवले. माया हो, दुसरं काय! तीच नडली.

मला जाड भिंतीआड फिरवता येणाऱ्या चकतीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं. बोलण्यासाठीचा स्पीकर चालूच राहिला होता, म्हणून मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, पडद्यावर काय दिसतंय तेही. हायड्रोजन भरला, पडद्यावर मी काळी पडले. सोडला, तशी उजळले. खाली एक डाग मात्र जाईना.

"ताई, हिनं दाबून ठेवलाय," साहेब म्हणाले.

"पण सर, मीटर सांगतोय, जेवढा गेला तेवढा परत आलाय."

"मीटर चुकत असेल. डाग दिसतोय ना डोळ्यांना? उद्या हिला कापून बघू."

कापून! हवा लागली की भुकटी पेटायची, आणि ताईंची तीन वर्षं तिच्यासोबत. असा संताप आला मला! घेतलेला कण न् कण परत केला, आणि वर आळ माझ्यावरच? चोर सोडून संन्याशाला फाशी!

वाटलं, ताईंनाही पटलं की काय. तेवढ्यात त्यांचा आवाज आला, "सर, आपण एकाच बाजूनं बघतोय. हिला फिरवा."

"वेळ संपत आलाय. पुढचा गट दाराशी उभा आहे."

"उभा राहू दे! कापायच्या आधी एकदा फिरवा."

ताईंचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. चकती फिरली. डाग सरकत सरकत माझ्या कडेला गेला आणि कडेबाहेर डोकावला. आता पोटातलं पोटाबाहेर कसं डोकावेल?

"अगं बाई!" ताई ओरडल्या. "माझी चिकटपट्टी!"

प्लॅस्टिकमध्ये आणि डिंकात हायड्रोजन ठासून भरलेला असतो. न्यूट्रॉन तिथेच अडखळत होते. ताई हसत होत्या आणि नाकही ओढत होत्या. साहेब म्हणाले, "हिची माफीच मागायला हवी."

हवी ना? मग मागा की! कुणी मागितली नाही.

न्यूट्रॉनांच्या माऱ्यानं अंग जरा किरणोत्सारी झालंय, म्हणून सध्या या कपाटात आहे. जाणारे-येणारे लांबूनच जातात. काही दिवसांनी बाहेर काढतील, आणि मी कधी थकते ते बघायला हजार वेळा भरतील, रिकामी करतील. भरा, खुशाल भरा! कर नाही त्याला डर कशाला? फक्त पुन्हा कुणाला चोर ठरवायचं असेल ना, तर करवत हातात घेण्याआधी त्याची दुसरी बाजू बघून या.