नऊनंतरची गाठ

बोटं दुखली, जेवणाची वेळ झाली आणि डॉक्टर, तुम्ही नऊवर थांबलात. निदान बारा गाठी तपासायच्या, हा नियम तुम्हाला तोंडपाठ होता. तरी थांबलात!

मी एक लसीकाग्रंथी बोलतेय, तुम्ही लिम्फ नोड म्हणता ती गाठ. तांदळाच्या दाण्याएवढी. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या मोठ्या आतड्यालगत, पिवळ्या चरबीत मी जन्मले. आतड्याकडून येणारा द्रव गाळायचा, त्यातलं वाईट अडवायचं, एवढंच माझं काम. बावन्न वर्षं ती मशीनवर वाकून शिवत राहिली आणि मी तिच्या पोटात पहारा देत राहिले. मी आहे हे तिला कधी कळलंही नाही.

मग तिच्या आतड्यात कर्करोगाची गाठ वाढली. तिच्यातून सुटलेल्या पेशी माझ्यापर्यंत आल्या. मी अडवल्या, पण त्या हटेनात. माझ्यातच घर करून बसल्या. माझी पाचावर धारण बसली. या पुढे गेल्या तर?

शस्त्रक्रियेत आतड्याचा तेवढा भाग कापला, त्याच्यासोबत मीही डब्यात पडले. प्रयोगशाळेत माझ्यासारख्या गाठी शोधायला तरुण डॉक्टर चरबी चाचपू लागले. आम्ही डोळ्यांपेक्षा बोटांनाच सापडतो. त्यांचं बोट माझ्यावरून गेलं. थांबलं नाही. मला ओरडता येत नाही.

नऊ गाठी मिळाल्या, तपासल्या. नऊही स्वच्छ! तेवढ्यात बाईच्या बहिणीचा फोन आला.

"चांगलं दिसतंय हो. बहुतेक पुढे औषधांची गरज पडणार नाही."

पलीकडे ती हसत-रडत ओरडली, "अगं ताई, ऐकलंस का!"

फोन ठेवून डॉक्टर म्हणाले, "काका, तो डबा रिकामा करा. डबे कमी पडतायत."

"करतो की," डबे धुणारे काका म्हणाले.

मी वाट बघत राहिले. आता झाकण उघडेल, आता मी कचऱ्यात जाईन. आणि ती बाई निर्धास्त होऊन मशीनवर बसेल, आत उरलेल्या चुकार पेशी मोकाट वाढतील.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी सही करायला अहवालाचा कागद घेतला. पेन थांबलं.

"नऊच? एक खोली बघून अख्ख्या घरात चोर नाही म्हणतोस?"

"मॅडम, चरबीत काही उरलंच नव्हतं."

"डबा आण."

तरुण डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका आत गेले आणि डबा घेऊन आले. तसाच, भरलेला.

मॅडमनी तासभर चरबी चिमटीत चुरली. दहावी. अकरावी. बारावी मी.

सूक्ष्मदर्शकाखाली मला पाहून मॅडम हळूच म्हणाल्या, "हिच्यात आहे. कर्करोगाचा दुसरा टप्पा नाही, तिसरा. किमो द्यावीच लागेल."

"मी तर तिच्या बहिणीला सांगून बसलो..."

"मग आता फोनही तूच कर."

मी आता तपासणीसाठी जपलेल्या मेणाच्या वडीत, एका खणात आहे. बाई वाचेल का? ठाऊक नाही. तिला संधी मिळाली, एवढंच मला माहीत आहे. माझं एकच मागणं आहे: मोजायला बसलात की मध्येच उठू नका. दरवेळी नशीब मदतीला येत नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी बहिणीचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत होती. टेबल पुसता पुसता काका पुटपुटले, "बरं झालं बाबा, काल मला डबा धुवायचा कंटाळा आला."