रुमालाखालचा सौदा

हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आधी हमाल, मग तोलार. गोणी नुसती नजरेनं बघून वजन सांगायचे, अर्ध्या किलोचा फरक पडायचा नाही. असला सरळ माणूस खोटं बोलायला गेला की फजिती ठरलेलीच, कारण हाताला सवय नसते.

झालं काय, खांदेश्वरला राहणाऱ्या पुतण्यानं, विश्वजितनं, त्यांना आपल्या कॉम्प्युटरवर विमानाचा गेम दाखवला. दहा मिनिटं स्वतः उडवू दिलं. बस्स, तेव्हापासून माणूस कामातून गेला. पण पन्नाशीतल्या तोलारानं घरात 'मला गेम खेळायचाय' म्हणायचं कसं? मग लेकीचं नाव पुढं करून जाहीर केलं, "वैष्णवीच्या डिप्लोमाला कॉम्प्युटर पायजेच." बायकोनं, राहीबाईंनी, भिशीचे पन्नास हजार बाहेर काढले आणि बजावलं, "ह्याच्या वर एक पैसा न्हाई."

वैष्णवी हुशार पोरगी, तिनं वहीत पार्टची यादी केली. यादीत प्रिंटर होता. विमान ज्याच्याशिवाय नीट उडत नाही, ते थ्रीडी कार्ड मात्र नव्हतं. विश्वजितनं स्पष्ट सांगितलं होतं, "काका, कार्ड नसेल तर विमान धक्के खात चालेल, आपल्या एसटीगत." तेव्हापासून हौसेरावांना झोपेतही ते कार्डच दिसायचं.

रविवारी तिघं सेक्टर सतरामधल्या जयप्रकाशच्या दुकानात गेली. हा पोरगा सुटे पार्ट जोडून कॉम्प्युटर बनवून द्यायचा. हौसेरावांनी आल्या आल्या एकेक कॅबिनेट उचलून पारखायला सुरुवात केली.

"ह्यात दम न्हाई. ते कोपऱ्यातलं द्या, भरीव हाय."

"काका, ते रिकामंच असतं," जयप्रकाश म्हणाला. "पत्र्याचं वजन करून काय करणार?"

वैष्णवीनं कपाळावर हात मारला. मग प्रोसेसर ठरला, बत्तीस एमबी रॅम ठरली, चौदा इंची मॉनिटर ठरला. प्रिंटरचं नाव निघालं तसे हौसेराव आडवे आले.

"छापायला झेरॉक्सवाला हाय की! त्यापेक्षा ते कार्ड घेऊ."

"कोणतं, थ्रीडी?" जयप्रकाश खूश झाला. "गेम कोण खेळतं घरात?"

"गेम? आमच्या घरात? नाव काढू नका!" हौसेरावांना घाम फुटला. राहीबाई नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

आता मार्केटची एक रीत अशी, की सौदा चारचौघांसमोर करायचा तर दोघांनी रुमालाखाली हात घ्यायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि एकदा 'मंजूर' म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी मागं फिरायचं नाही. हौसेरावांनी खांद्यावरचा रुमाल काढला, जयप्रकाशच्या हातावर टाकला आणि खालून त्याचा अख्खा पंजा दाबला. मग चार बोटं. बावीस वर्षं गोण्या उचललेला हात तो!

"मंजूर?" त्यांनी हळूच विचारलं.

"मंजूर, मंजूर! पण हात सोडा!" जयप्रकाश ओरडला. "आधी पंजा पिळला, मग चार बोटं! मी काय वाकडं केलंय तुमचं?"

अख्खं दुकान बघायला लागलं. राहीबाईंनी त्याच मार्केटात पंधरा वर्षं कांदा निवडला होता. त्यांना बोटांचा हिशेब शिकवावा लागत नव्हता.

"पाच न् चार नऊ. आवं, नऊ हजाराचं चोरून काय घेताय?"

हौसेरावांची मान खाली गेली. "कार्ड," ते पुटपुटले. "विमानाच्या गेमचं. वैष्णवीसाठी न्हाई, मला पायजे. आयुष्यभर वरून गोण्या अंगावर घेतल्या गं. एकदा वरून खाली बघायचंय."

वैष्णवीनं वही मिटली. राहीबाईंचा चेहरा लाल झाला होता. आता नवऱ्याचं काही खरं नाही असंच जयप्रकाशला वाटलं. पण त्या त्याच्याकडेच वळल्या.

"कार्ड केवढ्याचं?"

"अकरा हजार."

"न्हाई. नऊला मंजूर म्हणालास."

"मावशी, मी तर दुखलं म्हणून..."

"रुमालाखाली शब्द गेला. मार्केटात असतास तर उद्यापास्नं कुणी दारात उभं केलं नसतं." नवऱ्यावरचा राग होता तिथंच होता, पण हातात आलेला दोन हजारांचा फायदा सोडायचा म्हणजे काय चेष्टा आहे?

जयप्रकाशनं हात जोडले. वैष्णवीनं यादीतला प्रिंटर स्वतःच खोडला. "कॉलेजसमोर दोन रुपयांत प्रिंट मिळते, आण्णा," ती म्हणाली.

दोन तासांत कॉम्प्युटर जुळला आणि जयप्रकाशनं तपासायला विमानाचाच गेम लावला. हौसेराव बसले. गोणी दाबावी तशी बटणं दाबली. विमान धावपट्टी सोडून गवतात घुसलं. पुन्हा घुसलं. तिसऱ्यांदा उलटं झालं.

"उठा," राहीबाई म्हणाल्या. "एवढ्या पैशाचं गवतात घालताय."

त्या खुर्चीत बसल्या, वैष्णवीनं बटणं दाखवली, आणि विमान सुतासारखं सरळ वर गेलं. हौसेराव खुर्चीची पाठ धरून मागं उभे राहिले. खाली रस्ते बारीक झाले, घरं बारीक झाली, नदी दिसायला लागली. बायकोवर जळावं की तिच्या पाया पडावं, त्यांना कळेना. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात सोडवत नव्हता.

"राही," ते म्हणाले, "जरा हळू घे. बघू दे."