चोरखटका

मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि मिस्त्रींचा डावा हात गेला. म्हणजे अंगावर होता, पण घरजावयासारखा. कामाला शून्य, वर आंघोळ घालावी लागे. जन्मभर लेथवर लोखंड कातलेल्या माणसाला खचायला एवढं पुरे व्हावं, पण मिस्त्री हसून म्हणायचे, "डावा गेला तर गेला. पोरगा आहे ना माझा, तो उजवा हात."

घरामागच्या शेडमध्ये त्यांची गाडी होती. आखूड, उंच, दोन दारांची, दगडधोंड्यांतून चढणारी. आजारपणाआधी भंगारातून आणलेली. लेक दूर दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिला लांब रजा मिळाली की दोघांनी निघायचं, डांबरी रस्ता संपेल तिथून पुढे. लेक चालवणार, बाप वाट दाखवणार. मागची सीट काढून मिस्त्रींनी तिथे फळ्यांचे खण बसवले होते, वर झोपायची गादी. शेगडी सरकत बाहेर यायची, टेबल गुडघ्याच्या धक्क्याने उघडायचं. प्रत्येक कडी त्यांनी स्वतः घडवली होती, एका अंगठ्याने उघडेल अशी.

मुलाला हे पटत नव्हतं.

"ताईला रानात नेऊन तुमची आयागिरी करायला लावणार का? एका हाताने टाळी वाजत नाही, बाबा."

"टाळी वाजवायला तू आहेस. मला तंबू ठोकायचाय."

शेवटी मुलाने तोड काढली. त्याच्या ओळखीचा एक जण होता, डोंगर-वाळवंट पालथं घातलेला. तो येऊन गाडीही बघेल आणि मिस्त्रींनाही. तो हो म्हणाला तर खुशाल जा.

मिस्त्रींनी परीक्षेच्या सकाळी दाढी केली. एका हाताने गाल ताणता येत नाही, म्हणून हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. "दुपारपर्यंत संपेल ना? तेव्हा फोन करते," असं लेकीने बजावलं होतं. "मला निकाल हवा."

पाहुणा जाड तळव्यांच्या बुटांत आला. बोलायला गोड होता. "काका, अगदी मुक्कामाला पोचलोय असं समजा. सुरू करा."

मिस्त्रींनी सुरू केलं. गुडघा दिला, टेबल उघडलं. शेगडी ओढली, पेटवली, चहा टाकला. टपावरची ताडपत्री सोडायला दोरीची गाठ दातांनी ओढली. ओठ फाटला, तो त्यांनी बाहीला पुसला.

"सगळ्या कड्या उजवीकडेच का हो?" पाहुण्याने विचारलं.

"डावीकडे कोणी नसतं म्हणून."

पाहुणा मनापासून हसला. मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "चाक बदलायचं राहिलं."

चाकाचा नट गंजला होता. मिस्त्री पान्यावर सगळं वजन टाकून उभे राहिले, पाना सटकला आणि ते गुडघ्यांवर आपटले. पाहुणा पुढे झाला.

"राहू दे," मुलगा म्हणाला. "परीक्षा आहे ना. रानात कोण येणार उचलायला?"

मिस्त्री उठले. आधी कोपर, मग गुडघा, मग गाडीचं दार. नट निघाला. चाक बदललं गेलं. चहा केव्हाच उतू जाऊन थंड झाला होता.

"पास, काका," पाहुणा म्हणाला. "पहिल्या नंबराने. असं काम मी कुठेच पाहिलं नाही."

"ऐकलंस?" मिस्त्री मुलाकडे वळले. त्यांना धाप लागली होती, आणि तोंड पोरासारखं फुललं होतं.

मुलाने टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी.

"एक चक्कर मारून येतो," म्हणून पाहुण्याने किल्ली घेतली. गाडी गल्लीच्या टोकाशी, न्हाव्याच्या दुकानासमोर जाऊन बंद पडली. पाहुणा किल्ली फिरवतोय, गाडी ढिम्म. मुलगा तिकडे धावलाच. मिस्त्री काठी टेकत मागून निघाले, आणि वाटभर हसत होते.

"पकडला! चोर पकडला!" त्यांनी दारातून वाकून सीटखाली हात घातला. "चोरखिसा असतो ना, तसा हा चोरखटका. हा दाबल्याशिवाय गाडी गल्लीसुद्धा ओलांडत नाही. लेकीलाही अजून सांगितलेलं नाही. हा बघा, इथे, अंगठ्याखाली."

"बरं झालं आत्ताच कळलं," पाहुणा म्हणाला. "घरी नेताना हमरस्त्यावर बंद पडली असती, तर कुणाला विचारणार होतो मी?"

"कुणाच्या घरी?"

पाहुण्याने मुलाकडे पाहिलं. "तू सांगितलं नाहीस यांना?"

"सांगणारच होतो," मुलगा म्हणाला. मग बापाकडे न बघता भराभरा बोलला. "बाबा, आजारपणात गाडी माझ्या नावावर केलीत ना तुम्ही. विकत घेण्याआधी यांना सगळं चालतं का ते बघायचं होतं. तुमच्याइतकं चांगलं मला दाखवता आलं नसतं. आणि खरं सांगा, मघाशी पडलात तसे तिकडे पडला असता तर?"

मिस्त्री वाकलेलेच राहिले. अंगठा खटक्यावर होता. न्हाव्याने वस्तरा थांबवून बाहेर पाहिलं.

"काका," पाहुणा हळूच म्हणाला, "जरा हात काढता का?"

हात निघाला नाही. तेव्हा मुलाने खाली वाकून तो मनगटाला धरला, उचलला आणि बापाच्या मांडीशी नेऊन ठेवला. रोज सकाळी आंघोळीनंतर डावा उचलून ठेवायचा, अगदी तसाच. मग त्याने स्वतः खटका दाबला. पाहुण्याने किल्ली फिरवली, गाडी पहिल्या फेरीतच सुरू झाली.

मिस्त्रींच्या खिशात फोन वाजला.

"बाबा! झाली परीक्षा?"

"झाली."

"मग?"

"पास. पहिल्या नंबराने."

"मला माहीतच होतं! मग रजा पक्की करू? कधी निघायचं?"

मिस्त्रींनी फोन कानापासून काढला आणि मुलासमोर धरला. हात खाली घेतला नाही.

"भावाला विचार," ते फोनकडे बघून म्हणाले. "तो माझा उजवा हात आहे."

मुलाने दोन्ही हात खिशात घातले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, आणि फोनमधून ती विचारत राहिली, "हॅलो? बाबा? ऐकू येतंय का?"